कथनातील भविष्यज्ञान : सटवाईची लेक, परीक्षित आणि कर्ण

कथेतील एखाद्या पात्राला पुढे काय घडणार हे आधीच कळले, तर त्या कथेचे काय होते? औत्सुक्य हाच कथेचा प्राण मानणाऱ्या समीक्षेला असे पात्र अडचणीचे वाटणे स्वाभाविक आहे. शेवट ठाऊक झाल्यावर वाचकाने पुढे का वाचावे आणि पात्राने तरी पुढे का चालावे, अशी ही दुहेरी अडचण होय. परंतु मराठी कथनपरंपरेकडे, म्हणजे लोककथा, ओवीबद्ध ग्रंथ, अभंगातील आख्याने आणि अलीकडची पौराणिक कादंबरी यांकडे एकत्रितपणे पाहिले असता असे आढळते, की या परंपरेने ही अडचण कधी अडचण मानलीच नाही. हरिकथेला बसलेल्या श्रोत्याला शेवट माहीत असतोच. प्रश्न उरतो तो पात्राच्या माहितीचा. पात्राला शेवट माहीत असला की कथेची कोणती अंगे बदलतात, याचा विचार काही ठळक उदाहरणांच्या आधारे येथे करावयाचा आहे.

प्रारंभीच एक भेद स्पष्ट करणे अगत्याचे आहे. निवेदकाने पुढची घटना आधी सांगणे आणि पात्राला ती आधी कळणे या दोन भिन्न गोष्टी होत. पहिलीचा विचार जेरार झनेत यांनी १९७२ मधील आपल्या कथनमीमांसेत कालक्रमातील फेरफार म्हणून केला आहे. तेथे फरक पडतो तो श्रोत्याला. पात्रे आपापल्या अज्ञानात सुखाने वावरत असतात. दुसऱ्या प्रकारात मात्र भविष्याचे ज्ञान हीच कथेच्या आतली एक घटना बनते. ते ज्ञान केव्हा झाले, कोणाकडून झाले, ऐकणाऱ्याने त्यावर विश्वास ठेवला की नाही, पुढे ते कोणाला सांगितले आणि कोणापासून लपविले, या सर्व गोष्टींना कथानकात जागा द्यावी लागते. ‘एका पूर्वघोषित मृत्यूची हकीकत’ सांगणाऱ्या गाब्रिएल गार्सिया मार्केसच्या १९८१ मधील कादंबरीत सारे गाव खुनाचा बेत जाणते आणि ज्याचा खून व्हायचा त्यालाच तो उशिरा कळतो. त्या कादंबरीचा सगळा ताण घटनेपेक्षा ज्ञानाच्या वाटपातून निर्माण झाला आहे.

मराठी भाषेचा एक विशेषही येथे नोंदवावयास हवा. ‘तो मरेल’ आणि ‘तो मरणार आहे’ ही दोन विधाने एकाच भविष्याविषयी असली तरी त्यांचा सूर एक नाही. पहिल्यात बोलणाऱ्याचा अंदाज, कधी भीती, कधी शापही असतो. दुसऱ्यात ठरलेपण असते. ‘होणार’ हे रूप तर नामासारखेही वापरले जाते आणि होणारे चुकत नाही असे लोक सहज बोलून जातात. गंमत अशी, की हेच रूप भूतकाळात नेले की त्याचे ठरलेपण डळमळते. ‘तो जाणार होता’ असे म्हटले, की तो बहुधा गेला नाही असेच ऐकणाऱ्याला वाटते. ठरलेले आणि टळलेले या दोहोंना एकच प्रत्यय पुरविणाऱ्या भाषेत भविष्यज्ञानाची कथा सांगणे म्हणूनच विशेष फलदायी ठरते.

या विषयातील सर्वांत मोलाची मराठी कथा ग्रंथांत नव्हे, तोंडी परंपरेत सापडते. इरावती कर्वे यांनी ‘मॅन’ या मानवशास्त्रीय नियतकालिकात १९५० साली ईडिपसकथेच्या एका मराठी रूपावर टिपण प्रसिद्ध केले. कथा सटवाईच्या लेकीची आहे. सटवाई ही नवजात बालकाचे प्राक्तन कपाळी लिहिणारी देवता. मुंबईच्या उपनगरांतही, बोरिवली-मुलुंडच्या इमारतींत प्रसूतिगृहातून घरी आलेल्या बाळाची पाचवी-सहावी पूजताना कोरा कागद आणि लेखणी ठेवणारी घरे आढळतात, ती या देवतेसाठीच. ही सटवाई रोज रात्री बाहेर जाते, हे पाहून तिची लेक तिला विचारते : तू कोठे जातेस? सगळ्यांचे लिहितेस, मग माझ्या कपाळी काय लिहिले आहेस? आई टाळते, पण लेक हट्ट सोडीत नाही. अखेर उत्तर मिळते, की तू आपल्याच मुलाची बायको होशील.

मुलगी पुरुषमात्राचा संपर्क टाळण्यासाठी रानात जाऊन राहते. तरीही, पुरुषाचा संग न घडता तिला दिवस जातात. मूल होते. ती ते आपल्या वस्त्राच्या तुकड्यात गुंडाळून टाकून देते. दुसरी माणसे त्याला वाढवितात. यथाकाल त्याच तरुणाशी तिचे लग्न होते आणि मग एके दिवशी सासरघरी ओळखीच्या वस्त्राचा तुकडा तिच्या दृष्टीस पडतो. लिहिलेले घडून चुकले आहे हे तिला कळते. आणि ती गप्प राहते. कर्वे यांनी नोंदविलेल्या रूपात ती कोणाला काही न सांगता, वडीलधाऱ्यांचा आशीर्वाद घेऊन नवऱ्याबरोबर संसार करते. ए. के. रामानुजन यांनी भारतीय ईडिपसकथांचा विचार करताना जी कन्नड कथा चर्चेस घेतली, तिच्यातील स्त्री मात्र सत्य कळल्यावर गळफास लावून घेते. दोन्ही कथांत भविष्य तेच, ते चुकविण्याची धडपडही तीच. फरक पडतो तो भविष्य खरे ठरल्यानंतरच्या एका क्षणात.

या कथेशेजारी सोफोक्लीजचे नाटक ठेवून पाहण्याची सोय मराठी वाचकाला पु. ल. देशपांडे यांनी ‘राजा ओयदिपौस’ (१९७९) या अनुवादाने करून दिली आहे. जोगेश्वरीत वाढलेल्या आणि पार्ल्याच्या टिळक विद्यालयात शिकलेल्या या विनोदकाराने ग्रीक शोकांतिकेला हात घालावा याचे त्या काळी अनेकांना नवल वाटले असेल, पण तो स्वतंत्र विषय आहे. येथे महत्त्वाचे हे, की ईडिपसला भविष्य माहीत असते आणि वर्तमान माहीत नसते. आपण बापाला मारणार आणि आईशी लग्न करणार हे त्याने ऐकलेले आहे. ठाऊक नाही ते इतकेच, की आपण कोणाचे कोण. म्हणून नाटक सुरू होते तेव्हा भविष्य केव्हाच घडून गेलेले असते आणि नाटकाची सर्व गती मागे, उगमाकडे जाते. सटवाईच्या लेकीची कथा याउलट सरळ पुढे चालते. तिला लिहिणारा हात कोणाचा हे माहीत आहे, तो तिच्या आईचाच आहे. ईडिपसच्या शोधाला साक्षीदार लागतात, मेंढपाळ लागतो, नगर लागते. या मुलीला वस्त्राचा एक तुकडा पुरतो. तिची शोकांतिका, तिला शोकांतिका म्हणायचे असेल तर, एका घरात आणि एका मनात संपते. कथा स्त्रियांच्या तोंडी का राहिली याचे एक कारण या मौनात असावे. जे कळले ते सांगितल्यास कोणाचेच भले होणार नाही, हे तिला कोणत्याही भविष्यवाणीवाचून कळते.

भविष्यज्ञानाने पात्राची कृती ठरत नाही, कथेचा प्रकार मात्र ठरतो, याचा पुरावा परीक्षिताच्या दोन कथांतून मिळतो. शृंगीचा शाप एकच : सातव्या दिवशी तक्षक दंश करील. महाभारताच्या आदिपर्वातील परीक्षित हे कळताच एका खांबावरचा प्रासाद उभारतो, वैद्य आणि मांत्रिक जमवितो, पहारे बसवितो. तिकडे विषबाधा उतरविणारा काश्यप वाटेवर तक्षकाला भेटतो, तक्षकाने जाळलेला वटवृक्ष पुन्हा जिवंत करून दाखवितो, आणि राजाचे आयुष्य सरले आहे हे अंतर्ज्ञानाने जाणून तक्षकाकडून धन घेऊन घरी परततो. सातव्या दिवशी सूर्य कलला, धोका टळलासा वाटला, तेव्हा राजा फळातून निघालेला बारीकसा किडा स्वतःच मानेवर ठेवतो. शापाचे वचन खोटे ठरू नये, हा त्या वेळचा त्याचा विनोद होता. ही अडथळ्यांची, युक्त्यांची, उत्कंठेची कथा आहे. वाचकाला शेवट माहीत असूनही काश्यप परत फिरतो त्या ठिकाणी वाचक चुटपुटतो.

भागवतातला परीक्षित हाच शाप ऐकून गंगातीरी अन्नपाणी सोडून बसतो आणि मरू घातलेल्या माणसाने काय करावे, काय ऐकावे, असे शुकाला विचारतो. सात दिवस तेच, तक्षक तोच. पण त्या सात दिवसांत पहाऱ्याऐवजी श्रवण भरले जाते आणि संपूर्ण ग्रंथ त्या अवधीत मावतो. महाराष्ट्रात गावोगाव आणि आता उपनगरांतील मंदिरांतही भरणारा भागवत सप्ताह हा या अर्थाने एका भविष्यवाणीचा अवधी आहे, याचे भान तेथे बसणाऱ्यांना असतेच असे नाही. मृत्यूची तारीख ठरल्यामुळे कथा थांबत नाही. ती तेथून सुरू होते.

एकनाथांनी टीकेसाठी अकरावा स्कंध निवडला, हेही या संदर्भात पाहण्याजोगे आहे. वाराणसीत १५७३ साली पूर्ण झालेल्या, १८ हजारांहून अधिक ओव्यांच्या या ग्रंथाच्या आरंभी यादवकुलाचा शाप आहे आणि अखेरीस त्याची पूर्तता. यादव मुसळाचे चूर्ण करून समुद्रात टाकतात. त्या चूर्णातून लव्हाळे उगवते, उरलेला लोखंडाचा तुकडा माशाच्या पोटातून व्याधाच्या बाणाला लागतो. चुकविण्याची युक्तीच साधन बनते, इतपत हे ईडिपसच्या कथेसारखेच आहे. वेगळेपण श्रीकृष्णाचे. त्याला सर्व ठाऊक आहे, बदलण्याचे सामर्थ्य आहे, आणि तो बदलीत नाही. शाप आणि पूर्तता यांमधल्या जागेत उद्धवाशी संवाद होतो. मित्र जाणार हे उद्धवाला कळले म्हणून तो विचारतो, आणि जायचे आहे म्हणूनच श्रीकृष्ण सांगतो. या ग्रंथाच्या तत्त्वज्ञानावर विपुल लिहिले गेले आहे. तो दोन स्नेह्यांचा निरोपाचा संवाद आहे, या कथनविषयक गोष्टीकडे तितकेसे लक्ष गेलेले नाही.

ज्ञान एकाला आणि दुसऱ्याला नाही, अशी वाटणी झाली की कथेत गुपित शिरते. वनपर्वातील सावित्री याचे ठळक उदाहरण होय. सत्यवानाचे आयुष्य एक वर्ष उरले आहे, हे नारद अश्वपतीच्या सभेत सांगतो, आणि दुसरा वर निवडण्याचा पित्याचा आग्रह मोडून सावित्री त्यालाच वरते. वटपौर्णिमेच्या निमित्ताने घाटकोपर-अंधेरीच्या बाजारात वडाच्या फांद्या विकत मिळतात त्या दिवशी आठवण होते ती यमाशी झालेल्या संवादाची आणि वरांची. कथेचा खरा भार मात्र त्याआधीच्या वर्षात आहे. ती रोज दिवस मोजते. सत्यवानाला माहीत नाही. अखेरचे दिवस उरले असता ती तीन रात्रींचे व्रत धरते, सासरा काळजीने समजावतो, ती कारण सांगत नाही. अखेरच्या सकाळी ती नवऱ्याबरोबर रानात जाते. सत्यवान वाटेतले सृष्टिसौंदर्य तिला दाखवीत असतो आणि ती पाहत असते त्याच्याकडे. फुले, नद्या, मोर यांचे तेच वर्णन दोन माणसांसाठी दोन अर्थांचे होते. निवेदकाने एकही शब्द वाढविण्याची गरज उरत नाही. यमाला जिंकणाऱ्या सावित्रीपेक्षा वर्षभर गप्प राहणारी सावित्री कथाकाराला अधिक काही देऊ शकते. आधुनिक मराठी लेखकांनी तिच्याकडे पुरेसे पाहिले नाही ही खंत नोंदविण्याजोगी आहे.

कर्णाच्या बाबतीत मात्र तसे म्हणता येत नाही. शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ (१९६७) आणि रणजित देसाईंची ‘राधेय’ (१९७३) या दोन कादंबऱ्यांनी कर्ण मराठी घरांत नेला. ‘मृत्युंजय’च्याच वर्षी आलेल्या ‘युगान्त’मध्ये इरावती कर्वे यांनी त्याच्याकडे अधिक कठोर दृष्टीने पाहिले आणि आपण कोण या प्रश्नाभोवती त्याचे दुःख उभे केले. महाविद्यालयीन वर्गात हमखास विचारला जाणारा प्रश्न असा असतो, की कृष्णाने जन्मरहस्य सांगितल्यावरही कर्ण पांडवांकडे का गेला नाही. उत्तरादाखल मैत्री आणि उपकाराची जाणीव सांगितली जाते. ते खरेच आहे, पण उद्योगपर्वातील त्या संवादाचा उत्तरार्ध वगळला जातो. तेथे कर्ण येणाऱ्या युद्धाला यज्ञाचे रूपक देऊन त्यात कोण कोणते काम करील हे सांगतो, दुश्चिन्हे सांगतो, आणि स्वप्नात आपण पांडवांना प्रासादावर चढताना पाहिले असेही सांगतो. पराभव आपला होणार हे त्याला माहीत आहे. इतकेच नव्हे, तर आपले जन्मरहस्य युधिष्ठिराला सांगू नकोस, अशी विनंती तो करतो. युधिष्ठिराला कळले तर तो राज्य आपल्याला देईल आणि आपण ते दुर्योधनाला देऊन टाकू, हेही त्याला दिसते. म्हणजे कर्ण दोन भविष्ये पाहतो, घडणारे आणि घडू शकणारे, आणि त्यांपैकी स्वतःच्या मरणाचे निवडतो. यानंतरची त्याची प्रत्येक लढाई वाचताना जय कोणाचा हा प्रश्न उरत नाही. हा मनुष्य शब्द कसा पाळतो, एवढेच पाहावयाचे असते. कुंतीला दिलेले, तुझे पाच पुत्र राहतील हे वचन याच ज्ञानातून आलेले आहे.

‘मृत्युंजय’मध्ये सहा निवेदक आहेत आणि कर्णाचे निवेदन मरणाच्या पलीकडून सुरू होते. म्हणजे त्याला आता सर्वच माहीत आहे. ही योजना मोठी होती. पण तिचा पुरेपूर उपयोग कादंबरीत झाला, असे म्हणणे कठीण आहे. बालपणापासून क्रमाने सांगू लागलेला कर्ण त्या त्या क्षणी पुढचे काही न जाणणाऱ्यासारखा हळहळतो, चकित होतो, संतापतो. मृताचे ज्ञान आरंभीच्या पानांपुरते राहते. भावनेचा ओघ त्यामुळे टिकला आणि वाचक लाभले हे मान्य करूनही, सर्व जाणून सांगणाऱ्याचा कोरडा, थांबून थांबून येणारा स्वर येथे ऐकावयास मिळाला असता, असे वाटल्यावाचून राहत नाही.

भविष्य कळलेल्या पात्राला पुढे नेण्याचा आणखी एक मार्ग म्हणजे विस्मरण. गीतेच्या अकराव्या अध्यायात अर्जुन भीष्म, द्रोण, कर्ण यांना विश्वरूपाच्या मुखात शिरताना पाहतो. शांताच्या घरी अद्भुत पाहुणा आला, अशा भूमिकेने ज्ञानेश्वरांनी हा अध्याय रंगविला आहे. पण हाच अर्जुन पुढे अभिमन्यूच्या मरणाने कोसळतो, आणि आश्वमेधिक पर्वात तर, युद्धाच्या वेळी जे सांगितलेस ते मी विसरलो, असे कृष्णाला म्हणतो. कृष्ण रागावतो, आणि अनुगीता सांगतो. तत्त्वज्ञाच्या दृष्टीने ही अर्जुनाची उणीव असेल. कथेच्या दृष्टीने अर्जुनाने विसरणे भागच होते, अन्यथा भीष्मपर्वापासून सौप्तिकपर्वापर्यंत त्याच्या वाट्याला केवळ पाठ केलेली भूमिका आली असती.

नामदेवांच्या नावावरील आदि, समाधी आणि तीर्थावळी या तीन प्रकरणांपैकी समाधीचे अभंग या सर्वांहून वेगळे पडतात. येथे शाप नाही, दैवज्ञ नाही, गुपितही नाही. ज्ञानेश्वर जाणार हे त्यांनीच ठरविले आहे आणि ते सर्वांना माहीत आहे. शके १२१८, म्हणजे १२९६ सालच्या कार्तिक वद्य त्रयोदशीकडे सगळे जण डोळे उघडे ठेवून चालत जातात. त्यामुळे कथनाला उरते ती तयारी. एकादशीचे कीर्तन, द्वादशीचे पारणे, जागा झाडून स्वच्छ करणारी नामदेवांची मुले, आणि दोन्ही हात धरून नेणारे देव व निवृत्ती. ज्ञानी म्हणून ओळखले जाणारे निवृत्तिनाथच सर्वाधिक विकल होतात, आणि त्यांच्या दुःखासाठी बांध फुटून वाट फुटेल तिकडे धावणाऱ्या तळ्याच्या पाण्याची प्रतिमा येते. आधी कळल्याने दुःख कमी होते हा समज हे अभंग नि:शब्दपणे खोडून काढतात. त्यांतील कोणते नामदेवांचे आणि कोणते नंतरचे, हा पाठचिकित्सेचा वाद आहेच. परंतु एका ठरलेल्या दिवसाकडे संथपणे सरकणारी ही रचना एकसंध वाटते, मग तिचे हात कितीही असोत. आळंदीत त्या तिथीला हे प्रकरण दर वर्षी कीर्तनातून सांगितले जाते आणि शेवट पाठ असलेले श्रोते दर वर्षी रडतात.

जी. ए. कुलकर्णी यांनी ‘सांजशकुन’, ‘रमलखुणा’, ‘पिंगळावेळ’ अशी भविष्यकथनाच्या परिभाषेतून उचललेली नावे एकामागून एक आपल्या संग्रहांना दिली, हा योगायोग नसावा. त्यांच्या नियतीविचारावर स्वतंत्र अभ्यास झालेले असल्याने येथे एवढ्या निर्देशावर थांबणे योग्य. विज्ञानकथेने मात्र हा प्रश्न उलटा करून दाखविला आहे. जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेतील इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे एका वेगळ्याच काळात जाऊन पडतात. पुण्याहून निघून मुंबईच्या उपनगरी लोहमार्गावरून आत शिरताना खिडकीतून दिसणारे शहर त्यांच्या ओळखीचे राहिलेले नसते. १४ जानेवारी १७६१ रोजी काय झाले आणि त्यातून पुढची दोन शतके कशी घडली, हे त्यांना तोंडपाठ आहे. भूतकाळात गेलेल्या मनुष्याला जे भविष्यज्ञान असावयाचे तेच हे. पण या जगात विश्वासरावांना गोळी लागलेली नाही, ती कानाजवळून गेली आहे. गायतोंड्यांचे सारे ज्ञान जागच्या जागी निरुपयोगी होते, आणि सटवाईच्या लेकीने जे टाळू पाहिले, कर्णाने जे स्वीकारले, ते ठरलेपणच येथे नाहीसे झालेले असते. ग्रंथालयात बसून ते एकाच गोष्टीचा शोध घेतात : वाट कोठे वळली. परत आल्यावर या साऱ्याचा पुरावा म्हणून त्यांच्यापाशी उरते ते बखरीचे एक फाटके पान.